परतीचा चेंडू

आर्डिस क्वामएवढी बगळ्यांची वेडी बाई ब्लफ लँडिंगमध्ये दुसरी नव्हती, आणि हे ती स्वतःच सांगत सुटायची. बगळे म्हणजे गावची बेसबॉलची टीम. छातीवर निळा बगळा, पाय बगळ्यासारखेच काड्या, आणि खेळ म्हणाल तर आता काय बोलायचं! गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी काही मिळवलं असेल तर लोकांची कीव. पण आर्डिसचं जिंकण्यावाचून अडत नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला होता, आणि बटाटे कुस्करतानासुद्धा कान रेडिओकडे असायचा. बगळे जिंकले की ती दोन दिवस गुणगुणायची, हरले की दोन दिवस त्यांचा उद्धार करायची, आणि खरं सांगायचं तर तिला दोन्ही सारखंच आवडायचं.

तिची जागा ठरलेली. मैदानाच्या पार टोकाला, कुंपणापलीकडे लाकडी बाकं होती, तिथं तिसऱ्या रांगेत. तिकीट स्वस्त, डोक्यावर ऊन, आणि आजूबाजूला सगळी ओळखीची माणसं. त्यातल्या निम्म्यांनी लहानपणी तिच्या हातचे बटाटे खाल्लेले, त्यामुळे मोठे बाप्येसुद्धा तिला अजून ‘मिसेस क्वाम’च म्हणायचे. तिच्या डावीकडे तिचा नवरा हार्लन बसायचा आणि उजवीकडे डुएन, टपाल वाटून वाटून निवृत्त झालेला.

या बाकांचा एक कायदा होता. आपल्या माणसानं होम रन मारला, म्हणजे थेट कुंपणापलीकडे टोला हाणला, आणि चेंडू बाकांत आला, तर ज्याच्या हाती लागला त्याचा. घरी न्यावा, काचेच्या कपाटात ठेवावा. पण पाहुण्यांनी मारलेला होम रन असेल तर तो घरी न्यायचा नाही. उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत चेंडू मैदानात परत भिरकावायचा. आम्हाला तुमचं काही नको, असा त्याचा अर्थ. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, लिहायची गरजही नव्हती, कारण आर्डिस होती. परका चेंडू कुणी खिशात घालतोय असं दिसलं, की हिचा आवाज चढलाच: “परत! परत!” मग सगळी बाकं तालावर पाय आपटायची. मागच्या उन्हाळ्यात गावात नवीन आलेल्या दाताच्या डॉक्टरला तिनं असाच चेंडू टाकायला लावला होता. तो बिचारा चेंडू पोटाशी धरून म्हणत होता की आयुष्यात पहिलाच मिळालाय हो. आर्डिसनं काही ऐकलं नाही.

काही लोक लबाडी करत. पिशवीत एखादा जुना, फालतू चेंडू ठेवायचा, वेळ आली की तोच फेकायचा आणि खरा लपवून घरी न्यायचा. डुएनच्या पिशवीतही तसा एक असे. त्याच्या बिस्किट नावाच्या कुत्र्यानं चावून चावून त्याची पार रया घालवली होती. आर्डिस त्यावरून त्याला येता-जाता टोमणे मारायची. एवढी वर्षं टपाल इमानानं वाटलंस, म्हणायची, आणि म्हातारपणी ही बुद्धी सुचली होय रे तुला.

तर अशी ही बाई. आणि या उन्हाळ्यात तिच्या डावीकडची जागा रिकामी होती.

हिवाळ्यात हार्लनला झटका आला. जीव वाचला, बोलणं हळूहळू परत आलं, पण उजवा हात लुळा पडला आणि पाय ओढत चालावं लागायचं. एप्रिलमध्ये पहिल्या सामन्याच्या दिवशी तिनं दोघांच्या निळ्या टोप्या टेबलावर काढून ठेवल्या, तर त्यानं स्वतःची उचलून खुंटीला परत लावली. रेडिओही नको म्हणाला, माळ्यावर टाक म्हणाला. तिनं गोडीनं सांगितलं, भांडून पाहिलं, अबोला धरला, चर्चच्या पाद्रीबाबांना घरी बोलावून रुबार्बच्या आंबटगोड वड्या खाऊ घातल्या. हार्लन हलला नाही. दिवसभर खिडकीशी बसून राहायचा, आणि तिला त्याच्याकडे बघवत नसे. शेवटी जूनमध्ये एकदा तो वैतागून म्हणाला, “ज्या दिवशी तू त्या बाकांवरून बॉल घेऊन घरी येशील ना, त्या दिवशी येईन मी.”

तिचं तोंड बंद व्हावं म्हणून बोलला तो. लग्न झाल्यापासून दोघं तिथं बसत होती आणि एकदासुद्धा चेंडू हाती लागला नव्हता. एकदा हार्लनच्या बोटांना लागून निसटला होता, तो सरळ पुढच्या माणसाच्या बियरच्या ग्लासात. पण आर्डिसनं ते बोलणं मनावर घेतलं. त्या दिवसापासून कुंपणाकडे येणारा प्रत्येक चेंडू तिला हार्लनचा वाटायला लागला.

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी नदीपलीकडचे ऑटर्स खेळायला आले. बगळे नेहमीप्रमाणे मागे पडलेले. शेवटून दुसरा डाव चालू होता. ऑटर्सचा एक आडदांड गडी आला आणि त्यानं असा काही टोला हाणला की आवाजावरूनच कळलं, हा काही आत राहत नाही. चेंडू वर गेला, उन्हात दिसेनासा झाला, आणि मग दिसला तो थेट अंगावर येतानाच. लोक उठले, वाकले, एकमेकांवर पडले. चेंडू पुढच्या बाकावर आपटला, उसळला, आणि आर्डिसच्या मांडीवरच्या घडी घातलेल्या रेनकोटात येऊन अलगद पडला. तिनं उजव्या हातानं तो घट्ट धरला. पांढराशुभ्र, नवाकोरा, अजून गरम. तिला रडूच फुटलं. हार्लन येणार, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

आणि मागून आवाज आला: “परत!”

आर्डिसनं वळून पाहिलं. दाताचा डॉक्टर. दोन रांगा वर उभा, तोंडभर हसत. “मिसेस क्वाम,” तो म्हणाला, “आल्या वाटेनं पाठवून द्या बघू.” मग काय, बाकांना तेवढंच हवं होतं. पाय आपटायला लागले, टाळ्या सुरू झाल्या, “परत! परत!”चा गजर झाला. तिनंच शिकवलेला ताल होता तो. आर्डिसनं चेंडू पोटाशी धरला. चेंडू ठेवावा तर या माणसांत पुन्हा कुठल्या तोंडानं बसायचं? आणि टाकावा तर हार्लन त्या खिडकीतच बसून राहणार.

तेवढ्यात तिच्या डाव्या हातात काहीतरी आलं. डुएननं तिच्यामागून हात घालून बिस्किटचा चेंडू तिच्या मुठीत सरकवला होता. “फेक हा,” तो पुटपुटला. “मी बघत नाहीये.” आणि खरोखरच तो मान वळवून धावफलक वाचायला लागला.

आर्डिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच डुएनला आपण काय काय बोललो होतो! पण चेंडू तिनं घेतला. देवा, एकदाच, फक्त त्याच्यासाठी, असं मनात म्हणाली, डोळे मिटले आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून चेंडू भिरकावला. एकच जल्लोष झाला. मैदानातल्या पोरानं चेंडू उचलला आणि तिच्याकडे बघून टोपी काढली. उरलेला चेंडू तिनं न बघताच पिशवीत तळाशी कोंबला, वर रेनकोट दाबला आणि चेन ओढली. तिची मान लाजेनं तापली होती. लोक पाठ थोपटत होते, डॉक्टर तर खाली उतरून हात मिळवून गेला, आणि प्रत्येक शाबासकी तिला टोचत होती.

त्या परतीच्या चेंडूनं बगळ्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. शेवटच्या डावात काड्यांच्या पायांची ती पोरं अशी पळाली की ऑटर्सच्या तोंडचं पाणी पळालं, आणि बगळे चक्क जिंकले. बाकं नाचत होती. आर्डिस मात्र पिशवीवर हात ठेवून बसून राहिली.

घरी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हार्लन खिडकीशीच होता. काय बोलायचं ते तिनं गाडीत घोकून ठेवलं होतं. चेंडू आपला आहे, बाकांवरून आणलाय, आता शब्द पाळ. पिशवीची चेन उघडली, तळाशी हात घातला आणि चेंडू टेबलावर ठेवला.

टक्कल पडलेला, टाके उसवलेला, जागोजागी कुत्र्याचे दात उमटलेला.

आर्डिसला आधी कळेचना. मग कळलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. हार्लननं चेंडूकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाची एक बाजू हलली, खांदे गदगदले, आणि तो हसायला लागला. पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हिवाळ्यापासून तिनं ते हसणं ऐकलं नव्हतं.

“हा तर बिस्किटचा,” तो म्हणाला.

मग तिनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, डुएन, लबाडी, सगळं. “खरा फेकून दिला रे मी,” ती म्हणाली. “हातात आला होता, हार्लन. जन्मात एकदा आला होता. लबाडी केली, तीसुद्धा धड जमली नाही मला.”

“डुएनचा कुठल्या हातात होता?”

“डाव्या.”

“मग! तू फेकतेस उजव्यानं.”

आर्डिस आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. ती जन्माची डावखुरी. लिहायची डाव्यानं, वाढायची डाव्यानं, नवऱ्याला धपाटा घालायची तोही डाव्यानं. फक्त चेंडू तेवढा उजव्यानं फेकायची, कारण लग्नाआधी हार्लननं तिला फेकायला शिकवलं तेव्हा त्याच्याकडे चेंडू झेलायचा जास्तीचा एकच हातमोजा होता आणि तो डाव्या हातात घालायचा होता. डोळे मिटले की तिचा हात अजून तेच करायचा.

“पण गेला चांगला,” हार्लन म्हणाला. “सेकंड बेसपर्यंत, पार मैदानाच्या मध्यावर. मधे एकच टप्पा.”

“तुला रे काय माहीत?”

हार्लन खिडकीबाहेर बघायला लागला. आर्डिस उठली. माळ्यावर टाकायला सांगितलेला तो जुना रेडिओ तिनं नुसताच कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवला होता. तिनं त्याच्या पाठीला हात लावून पाहिला. अजून कोमट होता.

“सगळ्या मॅच ऐकल्यास?”

“एक राहिली,” तो म्हणाला. “तू मला दवाखान्यात घेऊन गेलीस त्या दिवशी.”

तिला राग आला आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. सगळा उन्हाळा ती तिकडे एकटी ओरडत होती आणि हा इकडे एकटा ऐकत बसला होता. म्हणजे दोघं तेच सामने जगत होती, तेही वेगवेगळं बसून, मूर्खासारखं. तिनं ते त्याला तसंच ऐकवलं, जरा वरच्या पट्टीत. त्यानं ऐकून घेतलं.

“मी बॉल आण म्हणालो होतो,” शेवटी तो म्हणाला. “कुठला, ते म्हणालो नव्हतो. आणलास.”

“मग येशील?”

पायऱ्यांचं काही नाही, तो म्हणाला, पायऱ्या हळूहळू चढेन. लोक बघतील त्याचंही फारसं काही नाही. मग त्यानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. “पाहुण्यांचा बॉल माझ्याच मांडीवर येऊन पडला तर? सगळे ‘परत’ म्हणून ओरडणार, आणि मी बसून राहणार. तिथं बसायचं आणि परत फेकता येऊ नये, हे नाही सोसायचं मला, आर्डिस.”

एवढे महिने घोडं इथं अडलं होतं तर! आर्डिसला हसू आलं आणि रडूही. “एवढंच ना?” ती म्हणाली. “मग डाव्यानं फेक. मी शिकवते. जन्मभर डावरी आहे मी.”

“तुला स्वतःला कुठं येतं डाव्यानं फेकायला?”

“बटाटे तर येतात,” ती म्हणाली. “चल ऊठ.”

मागच्या अंगणात अजून उजेड होता. तिनं त्याला कुंपणाला टेकवून उभं केलं, बिस्किटचा चेंडू त्याच्या डाव्या हातात दिला आणि पळीला चिकटलेले बटाटे झटकून ताटात पाडावेत तसं मनगट झटकून दाखवलं. पहिला चेंडू त्याच्याच पायाशी पडला. दुसरा टोमॅटोच्या वाफ्यात गेला. तिसरा शेजाऱ्यांच्या अंगणात पडला, तर शेजारीण आतून ओरडली, कोण आहे रे ते? आर्डिसनंही ओरडून सांगितलं की हार्लन आहे, चेंडू परत टाक.

चेंडू परत आला. हार्लननं तो डाव्या हातात धरून जरा फिरवून पाहिला.

“रविवारी लवकर निघू,” तो म्हणाला. “मला पायऱ्यांना वेळ लागेल. आणि माझी टोपी काढून ठेव.”