दुरुस्तीला दोन वजा

आमच्या ऑफिसात आता ठिपके आले आहेत. दहा मिनिटं माउस हलला नाही की साहेबांच्या स्क्रीनवर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो, वीस मिनिटांनी लाल. मी प्रोग्रामर माणूस, माझं अर्धं काम खुर्चीत रेलून छताकडे बघता बघताच होतं. म्हणजे मी विचार करायला लागलो की कंपनीच्या लेखी मी मेलो! शेजारच्या टेबलावरच्या पठ्ठ्याने माउस सरळ टेबलफॅनला बांधलाय. फॅन मान हलवतो, माउस हलतो, आणि गेल्या महिन्यात उत्कृष्ट कर्मचाऱ्याचं प्रमाणपत्र त्यालाच मिळालं. मी रोज घरी येऊन बायकोसमोर तणतणतो, "माणसं काय बटाटे आहेत का मोजायला?" ती म्हणते, "आधी हातपाय धू."

या सगळ्यावर माझा उतारा म्हणजे मागची खोली. तिथे माझे अकरा जुने कॉम्प्युटर आहेत. जाडजूड, पिवळट पडलेले, चालू केले की घरघर करणारे. अहो, काय काळ होता तो! दोन हजार अक्षरांत अख्खा प्रोग्राम बसवायचो आम्ही. आता नुसतं उद्या ऊन आहे का विचारायचं तर फोनमध्ये अर्धा तास काहीतरी उतरत बसतं आणि वर माझी जन्मतारीख मागतं. कशाला हवी रे तुला? माझ्यावर ऊन वेगळं पडणार आहे का?

तर त्या खोलीवर गदा आली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या. मागची खोली त्यांची. मी बायकोच्या विनवण्या केल्या, निदान भिंतीच्या कडेने एक रांग राहू दे. ती म्हणाली, "आई म्हणेल तसं. ती नको म्हणाली तर सोमवारी भंगारवाला येईल." तिने त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवूनही टाकला.

म्हणजे आता सगळं सासूबाईंच्या हातात. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण त्यांच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की त्या कुठल्याशा कचेरीत होत्या आणि चहा बिनसाखरेचा घेतात. मी ठरवलं, रविवारी दुपारी त्यांना एक प्रात्यक्षिकच दाखवायचं. मदतीला मित्राला बोलावलं. त्याला आम्ही डायल-अप म्हणतो, कारण जुन्या फोनवरच्या इंटरनेटसारखा तो एक शब्द बोलतो आणि मग पुढचा यायची वाट बघावी लागते. पिवळा पडलेला एक कीबोर्ड त्याने तीन दिवस औषधात बुडवून गच्चीवर उन्हात ठेवला होता. तो पांढराशुभ्र झालेला कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तसा तो घेऊन आला.

दाखवायचं काय, हा प्रश्नच नव्हता. माझा पहिला प्रोग्राम! तेविसाव्या वर्षी लिहिलेला, नाव टिकटिक. टाइप करणाऱ्या माणसाने किती बटणं दाबली ते तो मोजायचा आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा दाखवायचा. साहेबांनी एवढंच मागितलं होतं. पण काम संपलं तेव्हा मेमरीत थोडी जागा उरली होती, आणि प्रोग्रामरला उरलेली जागा बघवत नाही. मी आपल्या मनाने एक ओळ घातली. चूक खोडायला बॅकस्पेस दाबलं की आकड्यातून दोन वजा. कोणी मागितलं नव्हतं, पण मला फार छान वाटलं होतं. पुढे कंपनीने तो चार-पाच कचेऱ्यांना विकला. डायल-अप त्या ओळीला अजून कविता म्हणतो.

सासूबाईंना खुर्चीत बसवलं, काठी भिंतीला टेकवली. फ्लॉपी घातली, घरघर झाली, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं उमटली. मी भाषण सुरू केलं. तो काळ, ती काटकसर, एकेक अक्षर कसं जपून वापरायचो वगैरे. दारात उभी बायको जांभई देत होती. सासूबाई कोपऱ्यातल्या आकड्याकडे एकटक बघत होत्या.

"हे टिकटिक आहे का?" त्यांनी विचारलं.

मी आनंदाने उडालोच. "आई, तुम्हाला माहीत आहे हे?"

त्यांनी कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि खाली न बघता टाइप करायला लागल्या. बापरे! पंचाहत्तरीची बाई, पण बोटं दिसेनात. आकडा नुसता धावत सुटला. डायल-अपने आ वासला.

"ताशी आठ हजार लागायचे," त्या टाइप करता करता म्हणाल्या. "कमी भरले की चहाची सुट्टी बंद. हे तुम्ही लिहिलंत?"

"हो!" मी छाती फुगवून म्हणालो.

"ते दोन वजासुद्धा?"

"ती तर खास माझी कल्पना, आई."

त्यांनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

"सोळा जणी होतो आम्ही त्या खोलीत," त्या म्हणाल्या. "परीक्षांचे मार्क भरायचो. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं, चूक सुधारली की आकडा मागे जातो. मग कोण सुधारणार? तपासायला दुसरी बाई असायची, पण तिच्याही कोपऱ्यात हेच. एका मुलीला चौऱ्याहत्तर होते. माझ्या हातून सत्तेचाळीस पडले. दिसलं मला. पण चहाला चार मिनिटं होती, आठ हजार भरत आले होते, आणि सकाळपासून मी जागेवरून उठले नव्हते. मी पुढचा कागद घेतला."

डायल-अप आयुष्यात पहिल्यांदा झटकन बोलला. "मी निघतो," म्हणाला आणि निघालासुद्धा. कीबोर्डचा टॉवेल इथेच राहिला.

"नंतर सांगितलं नाहीत कोणाला?" मी विचारलं. विचारलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

"भ्याले. हिचे बाबा तेव्हा घरी बसून होते, माझ्या नोकरीवर सगळं चाललेलं. त्या मुलीचा बैठक क्रमांक अजून पाठ आहे मला."

"आई, कधी बोलली नाहीस," बायको पुढे येत म्हणाली.

"काय बोलायचं? मला वाटायचं मशीनच तसं असतं."

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. एका पिवळ्या ठिपक्यासाठी महिनाभर घर डोक्यावर घेतलेला मी! आणि इथे सोळा जणींना मी मोजलं होतं, वर चूक सुधारली म्हणून त्यांचा आकडा कापलाही होता. तेसुद्धा कोणी सांगितलं म्हणून नव्हे, जागा उरली म्हणून.

सासूबाई मात्र रागावल्या नव्हत्या. तेच जास्त लागलं. "राहू द्या तुमच्या वस्तू," त्या म्हणाल्या. "मला एक पलंग पुरतो. हे एवढं मात्र लावत जाऊ नका."

म्हणजे मी जिंकलो होतो. अकराच्या अकरा वाचले होते.

"आई, ते मी काढून टाकतो," मी म्हणालो. "आत्ताच."

कीबोर्ड माझ्याकडे घेतला, प्रोग्राम उघडला, ती ओळ शोधली, पुसली आणि पुन्हा चालू केला. मग कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी एक शब्द मुद्दाम चुकीचा टाइप केला. मग जरा बिचकतच बॅकस्पेस दाबलं, आणि अक्षरं नीट केली. आकडा मागे गेला नाही. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो आणि त्या कॉम्प्युटरच्या वायरी काढायला घेतल्या.