न बसलेला धक्का

थोरलीने तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये डँपर बसवले. चाकाचा हादरा डब्यात चढू नये म्हणून स्प्रिंगशेजारी तेलाचं नळकांडं असतं ना, ते. डब्याखाली उताणं पडून तिने हजारो परक्यांच्या कंबरा सांभाळल्या, आणि घरात सख्ख्या धाकट्या बहिणीचा कणा मात्र खडूसारखा ठिसूळ होत गेला.

ऑपरेशन व्हायचं ते मोठ्या शहरातल्या इस्पितळात, सहा तासांवर. दोन महिन्यांपूर्वी थोरली तिला साध्या गाडीने घेऊन निघालीही होती. स्टेशनाबाहेरच्या सांध्यावर, जिथे रूळ रुळाला मिळतो तिथे, डबा असा आदळला की धाकटीची किंकाळी इंजिनापर्यंत गेली असेल. पुढच्याच स्टेशनावर उतरवून परत आणावं लागलं. एक्सरेत आणखी एक मणका चिरलेला निघाला. रस्त्याचं तर नावच नको. आणि आता डॉक्टर म्हणत होते, या महिन्यात ऑपरेशन झालं नाही तर पाय जातील.

"जाऊ देत गं ताई," धाकटी छताकडे बघत म्हणायची. "त्या पायांनी असा कोणता मोठा पराक्रम गाजवलाय?"

थोरली हसायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबायची.

वर्कशॉपमध्ये त्या वर्षी एक नवा डबा उभा होता. त्याचे डँपर स्वतःच रुळाचा अंदाज घ्यायचे. चाक दचकलं की पापणी लवायच्या आत मऊ व्हायचे, वळण आलं की ताठ. चष्मेवाल्या साहेबांनी सहा वर्षं त्यात घातली होती. चाचणीच्या फेऱ्यांना वर्कशॉपचीच माणसं बसवत आणि उतरताना प्रवास किती सुखाचा झाला याचे कागदावर दहापैकी गुण मागत. गुण पडत होते तीन, नाहीतर चार. थोरलीने स्वतः दोन फेऱ्यांना दोन-दोन दिले होते. पोटात ढवळलं होतं. खोटं कशाला लिहायचं? आता शेवटची फेरी राहिली होती, त्याच मोठ्या शहरापर्यंतची. तीतही गुण पडले नाहीत तर डबा मोडीत.

आदल्या दिवशी ती साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, माझ्या बहिणीला घ्या त्यात."

"आजारी माणूस चाचणीत? बाई, माझी नोकरी जाईल."

"डबा मोडीत गेल्यावर नोकरी काय उराशी धरून बसणार आहात?"

साहेब हसले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "यंत्र सांगतं, धक्के निम्म्याहून कमी झालेत. माणसं सांगतात, जीव नकोसा झाला. कुठे चुकलो तेच कळत नाही हो."

थोरलीला एकदम स्वतःचं पोट आठवलं. पुलाआधीच्या सांध्यावर तिने दर वेळी दात आवळले होते, पाय रोवले होते, आणि धक्का आलाच नव्हता. आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी, तसं झालं होतं.

"तुम्ही नाही चुकलात," ती म्हणाली. "माणसं चुकीची बसवलीत. आम्ही सगळे याच रुळांवर म्हातारे झालो. कुठे आदळणार ते अंगाला पाठ आहे. अंग आधीच ताठतं आणि समोरून काही येतच नाही. मग ढवळणार नाही तर काय होणार? हा रस्ता ठाऊक नसलेलं माणूस बसवा." "ती या मार्गावर एका स्टेशनापलीकडे गेलेली नाही, साहेब."

साहेबांनी टेबलावरचे गुणांचे कागद उलटे घातले. "मागच्या दाराने आणा," ते म्हणाले.

सकाळी दोन बाकं काढून तिथे चाकांचं स्ट्रेचर पट्ट्यांनी बांधलं. एका फिटरने विचारलं, "काय बाई, घरचं सामान हलवताय?"

"काचसामान आहे," स्ट्रेचरवरून उत्तर आलं. "हात लावाल तर भरून द्यावं लागेल."

गाडी सुटली तसे मात्र धाकटीने डोळे घट्ट मिटून घेतले. थोरलीने तिचा हात धरला. सांधा आला. चाकं खाली खडखडली, स्पष्ट ऐकू आली, आणि डबा जरासा उचलल्यासारखा होऊन पुढे गेला.

"आलं का ते?"

"मागे पडलं."

धाकटी रडायला लागली. मग रडता रडताच झोपली. लहानपणी बैलगाडीतून आजोळी जाताना अशीच थोरलीच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपायची. आजूबाजूला वर्कशॉपची माणसं तोंडाला रुमाल लावून बसली होती.

शहरात उतरल्यावर मुख्य कचेरीच्या तपासनिसांनी कागद गोळा केले. थोरलीने दहा लिहिले होते. धाकटीनेही वाकड्यातिकड्या अक्षरात दहा, आणि खाली: ताईने हात कुस्करला, त्याचे गुण कापलेले नाहीत.

तपासनीस थोरलीच्या कागदाशी थांबले. "मागे दोनदा दोन, आणि आज दहा? आज ढवळलं नाही?"

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. तीस वर्षांत तिने सैल बोल्टाला घट्ट म्हटलं नव्हतं.

"ढवळलं," ती म्हणाली. "पण ते अंगाच्या जुन्या सवयीमुळे—"

"सवय झालेलीच माणसं रोज प्रवास करतात, बाई." त्यांनी तो कागद बाजूला काढला. मग धाकटीचाही. "हा डबा बसलेल्या प्रवाशांसाठी आहे. या झोपलेल्या होत्या."

साहेब खांबाला टेकून उभे होते. "आठ दिवसांत डबा सुटा करायला सांगितलाय," ते म्हणाले.

"ऑपरेशन दोनच मणक्यांचं आहे, साहेब. बाकीचा कणा तसाच राहणार. महिन्याने मी हिला घरी नेऊ कशातून?"

साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"अगं ताई, चल ना," धाकटीने हाक मारली. झोपेने तिचा चेहरा टवटवीत झाला होता. "परत जातानाही हाच डबा ना? साहेबांना सांग, हवे तेवढे कागद भरून देईन."

"आधी पाय वाचू देत," थोरली म्हणाली आणि स्ट्रेचर ढकलू लागली. फलाटाच्या फरशांमध्ये बोट बोट फटी होत्या. प्रत्येक फटीशी ती थांबत होती, वाकत होती, आणि पुढची चाकं दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवत होती.