फ्लॉपीतले सात झरे

मित्रांनो, परवा एका मुलीनं मला टेबलाच्या खणातून काढलं आणि "ही कसली वडी?" म्हणून विचारलं. मला राग आला, पण तिचं काय चुकलं? मी एक जुनी फ्लॉपी आहे. संगणकातला मजकूर पोटात घेऊन एका जागेवरून दुसरीकडे जाणं हे माझं काम. तुमच्या पेन ड्राइव्हची मी आजी लागते.

माझ्या प्लॅस्टिकच्या अंगरख्यात एक काळी चकती आहे. तिच्यावर दोन हजार आठशे सत्तेचाळीस खोल्या आहेत. एका खोलीत पाचशे बारा अक्षरं मावतात, एकही जास्त नाही. प्रत्येक खोलीला क्रमांक असतो आणि गंमत म्हणजे मोजणी दोनपासून सुरू होते. शून्य आणि एक हे आकडे माझ्या नोंदवहीनं स्वतःसाठी राखलेत. ही नोंदवही चकतीच्या बाहेरच्या कडेला असते. मजकूर मोठा असला की जिथे खोली रिकामी दिसेल तिथे त्याचा तुकडा ठेवायचा, आणि बाराव्या खोलीनंतर सहाशे चाळिसाव्या खोलीत जा, तिथून नव्वदाव्या, असं वहीत लिहायचं.

महाडला कोर्टाजवळ ज्योतीचं टायपिंगचं दुकान होतं. तिथे मी चार वर्षं राबले. प्रतिज्ञापत्रं, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका. जुनं पुसायचं, नवं लिहायचं. पावसाळ्यात मला बुरशी लागू नये म्हणून ज्योती मला तांदळाच्या डब्यात ठेवायची. काय दिवस होते ते!

१९९८च्या फाल्गुनात पोलादपूरकडच्या डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीतून रावजी आले. सोबत पुतण्या दत्ताराम. वाडीत नळ येणार होता, पण वैशाखातही न आटणारे झरे कुठे आहेत ते चैत्र संपायच्या आत फ्लॉपीवर द्या, नाहीतर योजना दुसऱ्या वाडीला जाईल, असं तालुक्याच्या कचेरीनं कळवलं होतं. रावजींनी जन्मभर म्हशी चारलेल्या. त्यांना सात झरे पाठ होते. ते बोलत गेले आणि ज्योती शब्दन् शब्द टाइप करत गेली. माझ्या सहा विखुरलेल्या खोल्यांत ते बोलणं मावलं. तेवढ्यात वीज गेली आणि दुसरी प्रत काढायची राहिली.

दत्तारामच्या घरात सगळ्यात जपलेली वस्तू म्हणजे रेडिओ. पोरांना त्याला हात लावायची बंदी. म्हणून त्यानं मला रुमालात गुंडाळून रेडिओच्या स्पीकरला टेकवून ठेवलं. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं आणि माझं लिखाण चुंबकानं पुसतं, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक? पंधरा दिवसांत माझी नोंदवही कोरी झाली. त्याच पंधरवड्यात रावजी वारले.

कचेरीत देण्याआधी राहिलेली दुसरी प्रत काढायला दत्ताराम मला घेऊन दुकानात आला तेव्हा रावजींची बायको तुळजाबाईही आल्या. "त्यांचं बोलनं ऐकाया मिळंल म्हनून आले," त्या म्हणाल्या. मला मशीनमध्ये घातल्यावर पडद्यावर प्रश्न उमटला: ही फ्लॉपी फॉरमॅट करू का? ज्योतीनं हो म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. मी तर जीव मुठीत धरला होता. तिनं "नाही" दाबलं.

नोंदवही गेली तरी खोल्यांतलं लिखाण उरलं असेल, म्हणून ती एकेक खोली उघडत बसली. अशा उघड्या खोलीत मराठी दिसत नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पण कुठली कळ दाबली की कुठलं मराठी अक्षर येतं ते तिच्या बोटांना पाठ होतं. दुपारपर्यंत तिनं पाच तुकडे वाचून काढले. सहावा चुंबकानं खाल्ला होता. पाचांचा क्रमही लागेना.

"'तिथून टेकाड उतरलास की जांभळीच्या बुडाशी झरी हाय,'" ज्योतीनं वाचलं. "तिथून म्हणजे कुठून?"

तुळजाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "आधी कातळावरचं पानी, मंग जांभळी. म्हशी तशाच जातात गो."

ज्योती वाचत गेली आणि तुळजाबाई प्रत्येक तुकड्याची जागा सांगत गेल्या. चौथ्यानंतर त्यांनी तिला थांबवलं. "हितं करवंदीची झरी राहिली. लिव."

"काकी, तुला ठावं हाय?" दत्ताराम चाट पडला.

"चाळीस वर्सं पानी कोन भरतंय रे? मला कुनी इचारलंच नाय."

दत्तारामनं मान खाली घातली. ज्योतीनं खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "आजी, आणखी कुठे पाणी आहे?" तुळजाबाईंनी आणखी तीन झरे सांगितले. तिथे म्हशी उतरत नाहीत, हंडा घेऊन बायकाच उतरतात. रावजींना ते माहीतच नव्हते.

यादी मुदतीत पोचली. मला मात्र नंतर कुणी वापरलं नाही, आणि त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, महत्त्वाचं लिखाण दोन जागी ठेवा. आणि एखाद्या कामातलं काही जाणून घ्यायचं असेल, तर ते काम रोज करणाऱ्या माणसाला आधी विचारा. त्या वाडीत आज नळ आहे. त्याचं पाणी तुळजाबाईंनी शेवटी सांगितलेल्या तीन झऱ्यांपैकी एकातून येतं.