रळियातबेनला उचलायचं कुणी?

अपघाताचा सराव दुपारी होता, म्हणून कँटीनमधले गाठिया सकाळीच संपले. अंकलेश्वरच्या वाटेवरल्या त्या रंगाच्या कारखान्यात भोंगा वाजणार म्हटलं की लोकांना आधी पोट आठवे, मग जीव.

आज ज्योतींद्र पारेखची परीक्षा होती. अपघात झाला तर माणसं कुठे जमवायची, जखमीला कुणी बाहेर काढायचं, हे आपण सांभाळू शकतो, असं बाहेरून आलेल्या मेहतासाहेबांना करून दाखवायचं. जमलं तर सुरक्षा अधिकारी म्हणून कायम. नाही तर पुन्हा गोदाम.

बेशुद्ध कामगार म्हणून दरवर्षी मिठाचं पोतं निजवत. पोतं तक्रार करत नाही आणि त्याला जात नसते. पण परीक्षेला खरं माणूस हवं, असं ज्योतींद्रला वाटलं. झाडू मारणारी रळियातबेन म्हणाली, "मी निजते, भाई. आडवं व्हायचा पगार कोण सोडतं?"

तिचा नवरा खीमजी गेल्या हिवाळ्यात इथेच, सांडपाण्याच्या टाकीपाशी, वायूने पडला आणि गेला. स्ट्रेचरला उशीर झाला, असं कंपनीने कळवलं होतं.

भोंगा वाजला. माणसं पटांगणात जमली. जगदीश आणि प्रवीण स्ट्रेचर घेऊन धावत आले आणि रळियातबेनपासून चार हात लांब थांबले.

"उचला!" ज्योतींद्र ओरडला.

जगदीश त्याच्या कानाशी लागला. "पारेखभाई, पोतं आणू का? झटक्यात होईल."

"का? जड आहे ती?"

"जड कसली! सगळं बोलूनच दाखवायचं का? आईला कळलं तर मला आज अंगणातच आंघोळ."

मेहतासाहेबांनी घड्याळ पाहिलं. "पोतं चालेल, पारेख. मी 'जखमीला हलवलं' असं लिहितो. खरा अपघात झाला तर माणूस असलं काही बघतो का?"

"बघतो, साहेब." रळियातबेन डोळे मिटूनच बोलली, बेशुद्ध राहायला सांगितलं होतं ना. "माझ्या माणसाच्या वेळी स्ट्रेचर दारातच टांगलेलं होतं. उशीर कशाला झाला, ते आज कळलं."

जगदीश आपल्या बुटांकडे बघू लागला. बूट कंपनीचे होते, नवे होते.

"'हलवलं नाही' असं लिहा," ज्योतींद्र म्हणाला.

"नापास होशील."

"कारणही लिहा."

रळियातबेन उठू लागली. "जाऊ दे, भाई. माझ्यापायी तुमची नोकरी—"

"निजा, बेन. बेशुद्ध माणूस उठत नसतं."

त्याने तिच्या काखेत हात घालून तिला स्ट्रेचरवर सरकवलं, आणि डोक्याकडचे दांडे उचलले. पायाकडचे मातीतच राहिले. स्ट्रेचर एकट्याने उचलत नाहीत. परीक्षेतला पहिलाच धडा तो.

पटांगणात सगळा कारखाना उभा होता. सगळ्यांचे हात मोकळे होते. ज्योतींद्रचे खांदे भरून आले, तरी त्याने दांडे खाली ठेवले नाहीत.

भोंगा वाजतच होता.