मिशीची जागा

बाळानं माझ्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं आणि भोकाड पसरलं. हातात दुधाची बाटली तशीच धरून मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, दारात कुणी परकं माणूस आलंय की काय. दारात कुणीच नव्हतं. परका मीच होतो.

शहाणपण माझंच. सकाळी सातला बायको कामावर गेली आणि साडेसातला आरशापुढे उभं राहून मी मिशी काढली. एकोणिसाव्या वर्षापासूनची मिशी. बसवर कंडक्टर होतो तेव्हा लोक गाडीचा नंबर बघायचे नाहीत, "मिशीवाले आले" म्हणून हात करायचे. पुढे तो मार्गच बंद झाला आणि माझं काम गेलं. आता परवापासून औषधांच्या कारखान्यात रात्रपाळीला जायचं, खोक्यांत बाटल्या भरायला. तिथे दाढीमिशी चालत नाही. काढायचीच आहे तर दोन दिवस आधी काढू, खालच्या पांढऱ्या कातडीला तेवढंच जरा ऊन लागेल, असा माझा विचार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

साडेतीन वर्षांची ताई, म्हणजे आमची थोरली, हिनं माझ्याकडे पाहून "बाबा, तुझं तोंड मोठं झालं" एवढंच म्हटलं आणि ती खेळायला गेली. बाळ आठ महिन्यांचं. त्याला कोण समजावणार? आईशिवाय ते दुसऱ्या कुणाच्या हातून दूध घेत नव्हतं. पंधरा दिवस खपून मी त्याला बाटलीची सवय लावली होती. बाटली तोंडात, माझी मिशी मुठीत, असा त्याचा थाट. मूठ सैल झाली की समजायचं, साहेबांचं पोट भरलं.

आणि आजच त्याच्या आईचा बाळंतपणानंतर कामावरचा पहिला दिवस होता. ती इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत असते. रजा दोनदा वाढवून घेतलेली. आता मधूनच उठून गेलात तर तुमच्या जागी दुसरी बाई घेऊ, असं वरच्या बाईंनी तिला तोंडावर सांगितलं होतं. निघताना चपलेत पाय घालता घालता ती म्हणाली, "बाराला फोन करीन. पीत नसेल तर खरं काय ते सांगा, मी निघून येईन. त्याला उपाशी नाही ठेवायचं." मी मिशीवरून हात फिरवला आणि तिला निर्धास्त जायला सांगितलं.

नऊला पाजून पाहिलं, दहाला पाहिलं. ओठांवर टॉवेल गुंडाळून पाहिलं, तर ते आणखीच घाबरलं. ताईला माझी दया आली असावी. तिनं स्केचपेन आणून मला मिशी काढून दिली. काळा सापडेना म्हणून हिरव्यानं. ती पाहून बाळ असं किंचाळलं की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. मी साबणानं खसाखसा घासलं, तरी ओठावर हिरवट डाग राहिलाच. अकरा वाजून गेले होते. बाळाचा आवाज बसला होता, ओठ सुकले होते. खरं सांगतो, मला रडू आलं. मिशी काढताना नव्हतं आलं.

एवढ्यात ताईची खेळातली बस लागली. स्टूल, उशा आणि तिची बाहुली, सगळं एका रांगेत. खांद्याला आईची जुनी पर्स अडकवून ती माझ्यापुढे उभी राहिली. मी वैतागून म्हटलं, आत्ता नको गं. पण ती काय ऐकते.

"मध्ये उभं राहायचं नाही," ती म्हणाली. "लहान मूल मांडीवर घ्या. पुढे बघा."

हे माझंच रोजचं बोलणं, माझ्याच सुरात. कितीतरी वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो होतो. मी मुकाट्यानं स्टुलावर बसलो आणि बाळाला मांडीवर घेतलं. त्याची पाठ माझ्या पोटाला, तोंड ताईकडे. ताईनं पेल्यावर चमचा वाजवला. बाळ हुंदके देत देत तिच्याकडे बघायला लागलं. त्याला माझं तोंड दिसत नव्हतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बाटली मागून हळूच पुढे नेली. त्यानं मान फिरवली. मी थांबलो, परत नेली. ताईनं बाहुलीला तिकीट दिलं. बाळानं ते बघता बघता बाटली तोंडात घेतली आणि ते पिऊ लागलं. जन्मभर लोकांच्या तोंडाकडे बघून तिकिटं दिली, आणि स्वतःच्या पोराला पाजायचं तर तोंड लपवून. असो, पीत तर होतं.

दूध निम्म्यावर आलं आणि सवयीप्रमाणे त्याचा हात वर आला. आधी हनुवटीला लागला, मग ओठाला. मी बाटली जराही हलू दिली नाही. बोटं ओठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. दूध ओढायचं थांबलं. आता हे वळून बघणार आणि सगळं मुसळ केरात, असं मी मनाशी म्हणतोय, तोच त्यानं आपला तळवा माझ्या ओठावर टेकवला आणि पुन्हा चुटूचुटू सुरू केलं.

फोन वाजला. मला जागचं हलता येत नव्हतं. ताईनं टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला.

"आई, बाळ पितंय. तू संध्याकाळीच ये," ती म्हणाली. मग थोडा वेळ ती ऐकत राहिली आणि तिनं वाकून बाळाच्या हाताकडे पाहिलं.

"नाही, धरली नाहीये. बाबाची मिशी होती ना, तिथे हात ठेवलाय."