चावीवाल्याचा हंडा

मी एक जुनी चावी आहे. कुलपाची नव्हे, पाण्याची. दीड वीत लांबीची लोखंडी सळई, वर धरायला आडवी मूठ आणि खाली चौकोनी खाच, एवढेच माझे रूप. मित्रांनो, मी तुम्हाला रस्त्यात पडलेली दिसले असते तर तुम्ही भंगार समजून पुढे गेला असता. पण घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या चाळीत माझ्यावरून राज्ये बदलली आहेत.

माझा जन्म अंधेरीच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. शिवदास तिथे लेथवर कामाला होते. ते चाळीच्या वरच्या गल्लीत, अगदी शेवटच्या घरात राहायचे. चाळीला नळाचे पाणी नुकतेच आले होते. चौकात एका लोखंडी झाकणाखाली दोन व्हॉल्व्ह बसवले होते, एक खालच्या गल्लीचा आणि एक वरच्या गल्लीचा. पाणी आले की आधी एक उघडायचा, मग तो बंद करून दुसरा. त्यासाठी शिवदासांनी उरलेल्या सळईतून मला घडवले, चौकातल्या भिंतीवर खिळा ठोकला आणि मला त्यावर अडकवले. ज्याला वेळ असेल त्याने फिरवावी, असे त्यांनी सांगितले. शेजारचा कोणीही यायचा, मला फिरवायचा आणि परत अडकवायचा. ते माझे बालपण.

पुढे खालच्या गल्लीतले काही दांडगे लोक मला हवे तेव्हा उचलू लागले. तेव्हा अण्णा पुढे आले. अण्णांना सगळे मानत. त्यांनी दांडग्यांना दम भरला आणि मला सांभाळण्यासाठी घरी नेले. चाळीने शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. पहिले काही महिने मी त्यांच्या दाराबाहेर होते. मग दाराच्या आत आले. मग कपाटात गेले. जो अण्णांना नमस्कार करी त्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राही. कोणी तक्रार केली तर अण्णा गोड आवाजात म्हणत, "जरा समजून घ्या. पाणी काय माझ्या घरचं आहे?"

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. ते मी पुन्हा ऐकणार होते.

गुणाजी खालच्या गल्लीतला तरुण. वडील गिरणीत होते, तो औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. बोलायला तिखट, मनाने सरळ. त्याने अण्णांविरुद्ध दोन्ही गल्ल्या एक केल्या. घोषणा मात्र त्याची बायको प्रेमा हिने शोधली: "सगळ्यांना सारखं पाणी!" रिकाम्या हंड्यांवर वाट्या आपटत बायका चौकात ती घोषणा देऊ लागल्या. अण्णा मला घेऊन आले, तर झाकणावर शांताबाई बसलेल्या. शांताबाई म्हणजे शिवदासांच्या पत्नी. शिवदास तोवर वारले होते. अण्णांनी उठायला सांगितले. शांताबाई म्हणाल्या, "गुडघे धरलेत रे बाबा. चावी दे हातात, तिच्या आधाराने उठते."

अण्णांनी इकडेतिकडे पाहिले. चौकभर हंडे होते. त्यांनी मला शांताबाईंच्या हातात दिले आणि त्या टुणकन उठल्या. गुडघ्यांना काही झालेले नव्हते. त्या दिवशी चाळ इतकी हसली की वरच्या गल्लीत पाणी आल्याचे कोणाला आधी कळलेच नाही.

मी पुन्हा खिळ्यावर आले. दर रविवारी प्रेमा मला खोबरेल लावायची. तिच्या हाताला लसणीचा वास असायचा. मला तो आवडायचा.

एकदा मुलांनी खेळताना मला गटारात पाडले. गुणाजीने मला काढले, धुतले आणि म्हणाला, दोन दिवस माझ्याकडे राहू दे. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मलासुद्धा नाही. मग हरवू नये म्हणून त्याने मला सुतळीने कमरेला बांधले. तो चालला की मी मांडीवर आपटायचे, आणि तो आवाज ऐकून लोक वाट द्यायचे. आधी त्याला सगळे गुण्या म्हणत. मग गुणाजीभाऊ म्हणू लागले. मग नुसतेच भाऊ. विकी नावाचा एकजण सतत त्याच्या मागेपुढे असायचा. त्याने भाऊंच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावला. हात जोडलेल्या भाऊंचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पाणीदार नेतृत्व'. फ्लेक्स नेमका माझ्या खिळ्यावर ठोकला होता.

भाऊंकडे लोक भेटायला येत, चहा होई, म्हणून घरावर काळी टाकी बसली. टाकी भरेपर्यंत खालचा व्हॉल्व्ह उघडा राहू लागला. वरच्या गल्लीत करंगळीएवढी धार यायची आणि शेवटच्या घरापर्यंत तीही पोचायची नाही. शांताबाई आता थकल्या होत्या, आणि या वेळी गुडघे खरेच धरले होते. त्या चौकापर्यंत येऊन खालूनच पाणी नेत, एका वेळी एक कळशी. एके दिवशी त्या भाऊंच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, वर पाणी चढत नाही रे गुण्या.

गुणाजी गोड आवाजात म्हणाला, "जरा समजून घ्या ना मावशी. पाणी काय माझ्या घरचं आहे?"

मी त्याच्या कमरेला होते. मी लोखंडाची, पण मला थंडी वाजली. शेगडी पुसणाऱ्या प्रेमाचा हातही थांबला.

दुसऱ्या दिवशी गुणाजीने खालचा व्हॉल्व्ह उघडला. टाकी भरली, वाहू लागली, पाणी पायऱ्यांवरून चौकात आले. नळ बंद करायला घरात कोणी नव्हते. तो प्रेमाला शोधत वरच्या गल्लीत गेला. तिथे रिकाम्या हंड्यांची रांग होती. सगळ्यात शेवटी, शांताबाईंच्या मागे, प्रेमा आपला हंडा घेऊन बसली होती.

"इथं काय करतेस?" गुणाजीने विचारले.

"पाणी भरायला बसलेय."

"घरी टाकी भरून वाहतेय."

"ती भाऊंची टाकी," प्रेमा म्हणाली. "मी गुणाजीची बायको आहे. आमच्याकडे पाणी नाही."

गुणाजी चिडला. सगळ्यांसमोर म्हणाला, पाणी सारखंच तर मिळतंय, घोषणेत होतं तसं.

शांताबाई म्हणाल्या, "मिळतंय की. तुझ्याकडे सारखं येतं, आमच्याकडे सारखं जातं."

प्रेमा उठली. "अहो, घोषणा माझी होती. सारखं म्हणजे समान, असं मला म्हणायचं होतं. तुम्हाला वाटलं सारखं म्हणजे सारखं-सारखं."

आधी एकजण हसला, मग गल्ली हसली. विकीसुद्धा तोंड फिरवून हसला. गुणाजी लाल झाला, खाली पाहू लागला, आणि मग त्याला स्वतःलाच हसू फुटले. ते हसू थोडे रडवेले होते. तो सुतळीची गाठ सोडू लागला. पण इतक्या वर्षांची भिजलेली गाठ, ती सुटेना. प्रेमाने दातांनी ओढून पाहिली. शेवटी शांताबाईंनी कात्री आणली.

"जपून मावशी," गुणाजी म्हणाला. "चावी तुमची आहे, लेंगा माझा आहे."

तेव्हा प्रेमाने नवा नियम केला. चावी दर आठवड्याला दुसऱ्या घराच्या दारात जाईल, आणि ज्याच्या दारात चावी, त्याचा हंडा शेवटचा. मित्रांनो, काय जादू झाली म्हणून सांगू! ज्या चावीसाठी भांडणे होत, ती आता कोणालाच नको झाली. लोक शेजाऱ्याला आठवण करून देतात, "तुझा आठवडा लागला ना यार? ने ना ही." पहिल्यांदा मला वाईट वाटले. आता मजा वाटते. गुणाजीच्या घरावरची टाकी उतरली, आणि वरच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातही हंडा भरतो. फ्लेक्सचे काय झाले म्हणाल, तर तो विकीच्या छपरावर आहे आणि पाणी अडवण्याचे चांगले काम करतो.

प्रेमा मागच्या वर्षी गेली. आता रविवारी गुणाजी मला खोबरेल लावतो. त्याला ते जमत नाही, तेल फार लावतो, मी हातातून निसटते. मी त्याला काही म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात मी त्याच्याच दारात होते. तो रांगेत शेवटी उभा होता, हातात लहानशी कळशी घेऊन. एकट्याला हंडा लागत नाही. शांताबाई म्हणाल्या, "गुण्या, कळशीभर तर पाणी. आधी भरून घे की. कोण काय म्हणणार आहे?"

"नको मावशी," तो म्हणाला. "आज कळशी आधी भरली तर उद्या टाकी आणीन. मला मी माहीत आहे."

मित्रांनो, माझ्यासारख्या चाव्या सगळीकडे असतात. तुमच्या वर्गात, तुमच्या सोसायटीत, मोठ्या मोठ्या कचेऱ्यांत. त्यांना गंज चढू देऊ नका आणि त्यांना एकाच कमरेला बांधू देऊ नका. चावी हातात घेतलेला माणूस कितीही चांगला असो, त्याला प्रेमाने, हसत, पण रोज विचारत जा: तुमचा हंडा कितवा?