वाकून चालणारी माणसं

समुद्राची हौस असावी, पण ती लांब राहून असावी. दुरून डोंगर साजरे म्हणतात, त्यात समुद्रही धरायला हरकत नाही. त्याच्या शेजारी राहणं म्हणजे काय, ते ताईला विचारावं. सुया गंजतात, कात्री अडते, कपाटातलं कापड भर उन्हाळ्यातही दमट लागतं. वर गिऱ्हाइकं म्हणतात, "ताई, तुमच्या हाताला तोड नाही हो, पण तुमच्यापर्यंत यायचं म्हणजे दिवस मोडतो." आणि ती गिऱ्हाइकं बाजारातल्या शिंप्याकडे जातात, ज्याच्या हाताला तोडच तोड आहे.

ताई साठीला टेकली होती. आईअप्पांचं शेवटपर्यंत तिनेच केलं, ह्याच घरात, आणि कुरकुर न करता केलं. आता ते दोघं नव्हते आणि तिला बाजारात एक गाळा मिळत होता. खाली दुकान, वर दोन खोल्या, समोर रहदारी. खिडकीतून फक्त समोरचं चपलांचं दुकान दिसायचं, पण ताईला ते दृश्य फार आवडलं. घर विकलं तरच गाळा घेता येणार होता, आणि गाळ्याच्या मालकाने दिलेली दोन महिन्यांची मुदत ह्या रविवारी संपत होती.

घर तिघांचं होतं. दादा विमा कंपनीत साहेब, धाकटी शाळेत गाणं शिकवायची. दोघं लांबच्या शहरांत राहायची आणि वर्षातून एकदा येऊन गच्चीत उभी राहून उसासे टाकायची. "ताई, तू किती नशीबवान," असं धाकटी म्हणाली की ताई तिच्या हातात गंज काढायचा कागद द्यायची. विकायचं म्हटल्यावर दोघांचे चेहरे उतरले. नाही म्हणवेना, तेव्हा दादा म्हणाला, "विकू, पण आधी घर नीट करून विकू." हे काम काही होणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

ताईने ते करून दाखवलं. उंटावरून शेळ्या हाकायला भाऊबहीण फोनवर होतीच. स्वयंपाकघराच्या दारावरची जुनी तुळई काढून दार उंच केलं. त्याच दारातला उंबरा उखडला. जिन्याची तिसरी पायरी पाय ठेवला की हलायची, ती पक्की झाली. कंबरेचा धक्का दिल्याशिवाय न उघडणारा पुढचा दरवाजा आता करंगळीने उघडत होता. भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या. घर इतकं देखणं झालं की दादा आणि धाकटी ते बघायला रजा काढून आली आणि पुन्हा उसासे टाकू लागली.

दलालाने पहिलं गिऱ्हाईक आणलं ते विजेचे मीटर तपासणारे एक गृहस्थ आणि त्यांची बायको. गृहस्थांचा जन्म दुसऱ्यांच्या घरातली लबाडी शोधण्यात गेला होता. तिघं भावंडं त्यांना घर दाखवायला निघाली. पुढे दादा, मागे धाकटी, शेवटी ताई. स्वयंपाकघराच्या दारात आल्यावर दादाने मान खाली घातली, पाय उचलून टाकला आणि आत गेला. धाकटीनेही तेच केलं.

"इथे काय आहे?" बायकोने विचारलं.

"कुठे?"

"इथे. तुम्ही वाकलात."

"कोण वाकलं?" दादा म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता.

पुढे जिना. तिघांनी दुसरीवरून थेट चौथीवर पाय टाकला. गृहस्थांनी तिसरी पायरी बोटांनी वाजवून पाहिली, मग वाकून खालून पाहिली. जाताना दादाने सवयीने पुढच्या दरवाज्याला कंबरेचा असा काही धक्का दिला की दरवाजा मागच्या भिंतीवर आदळला आणि नव्या गिलाव्याचा एक पोपडा उडाला. नवराबायको घाईघाईने निघाली.

दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन आला. "ताई, घर त्यांना पसंत आहे. पण म्हणतात, ह्या घरात काहीतरी आहे. घरातलीच माणसं जपून चालतात, मग आम्ही कसं राहायचं?"

"काय असणार घरात? भूत?"

"ते भुताला तयार आहेत हो. त्यांना छपराची भीती वाटते."

ताईने कपाळाला हात लावला. तिने दादाला स्वयंपाकघरात पाणी आणायला पाठवलं आणि दबा धरून बघत बसली. दादा वाकला. धाकटीला पाठवलं, तीही वाकली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. तुळई भंगारात गेली, पण ह्यांच्या माना अजून तिच्याखालून जात होत्या.

मग शनिवारभर शिकवणी चालली. ताई हातात कापड मोजायची लाकडी पट्टी घेऊन दारात उभी राहिली आणि दोघांना आतबाहेर चालवू लागली. दादाची मान लवली की पट्टी त्याच्या हनुवटीखाली जायची.

"अगं, मी साहेब आहे. माझ्या हाताखाली माणसं आहेत," दादा म्हणाला.

"त्यांनी तुला ताठ चालायला शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती. पुन्हा."

धाकटीने मान खाली जाऊ नये म्हणून छताकडे बघत चालायचा मार्ग काढला आणि फ्रिजला जाऊन धडकली. जिन्यावर तर तिसऱ्या पायरीवर पाय ठेवताना दोघांचे डोळे आपोआप मिटत. पण संध्याकाळपर्यंत पालथ्या घड्यावर थोडं पाणी राहिलं. दोघं सरळ चालू लागली, अगदी डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी. ताईचं कोणी पाहिलं नाही. मास्तरीणबाईंची परीक्षा कोण घेणार?

रविवारी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. उंच, शिडशिडीत, कमी बोलणाऱ्या. आल्याबरोबर त्यांनी नळ सोडून पाहिले, भिंतीला हात लावून ओल पाहिली, वरच्या खिडकीतून समुद्र पाहिला आणि मान डोलावली. दादा आणि धाकटी कवायत केल्यासारखी चालत होती.

"आणि हे स्वयंपाकघर. या ना," म्हणत ताई पुढे झाली. दारात तिने मान झुकवली, नसलेल्या उंबऱ्यावरून पाय टाकला आणि आत जाऊन हसतमुखाने वळली.

समोर दादा आणि धाकटी तिच्याकडे आ वासून बघत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"तुम्ही वाकलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताईला गाळा दिसत होता, आणि तो हातातून जाताना दिसत होता. काहीतरी थाप मारावी असं तिच्या मनात आलं. पण बाईंची नजर तोंडात दिवा धरून बघणाऱ्याची होती.

"इथे एक तुळई होती," ताई म्हणाली. "आता नाही. पण आम्हाला सवय आहे. छप्पर चांगलं आहे, पाहिजे तर वर चढून बघा."

"मला वाटलं, छप्पर गळतं की काय." बाई पहिल्यांदाच हसल्या. "दुखरा दात काढून टाकला तरी माझे पेशंट महिनाभर त्या बाजूने चावत नाहीत." मग त्या थांबल्या. "पण तुळई होती कुठे?"

"ही इथे." ताईने हात वर केला. तेवढ्यावर भागेना, म्हणून ती टाचा उंच करून उभी राहिली. तरी बोटं जेमतेम पोचली.

बाई ताईकडे बघत राहिल्या. "मग तुम्हाला लागणार काय होतं?"

तिघंही आईच्या वळणावर गेलेली, बुटकी. दादाने हळूच आपल्या टकलावर हात ठेवून तो सरळ वर नेला, आणि तो बराच वर गेला. त्या तुळईला लागण्याइतकं उंच घरात एकच माणूस होतं. अप्पा वाकायचे, आणि त्यांच्या मागून जाणारी तीन पोरंही वाकायची. पोरांचे केस पिकले, अप्पा गेले, तुळई गेली, आणि कोणाच्याच हे ध्यानात आलं नाही. ताईला आपला रागही आला, हसूही आलं.

डॉक्टरीणबाई अप्पांच्याच उंचीच्या होत्या. त्या मान ताठ ठेवून दारातून आत आल्या. भावंडांनी श्वास रोखला होता. काही लागलं नाही.

त्याबरोबर धाकटीला रडू फुटलं. "ताई, नको गं विकू या. अप्पा अजून इथेच आहेत. ह्या दारात आहेत."

दादाने चष्मा काढून पुसला. "खरं सांगू का, मलाही वाटतंय, जरा थांबू या. गाळे काय, पुन्हा मिळतील."

ताईने दोघांकडे पाहिलं. वर्षातून आठवडाभराची ही माणसं. तिला चिडायचं होतं, आणि ती चिडलीही, पण आवाज मात्र नेहमीपेक्षा खाली आला.

"अप्पा दारात नाहीत," ती म्हणाली. "माझ्या मानेत आहेत. तुमच्याही आहेत, कालपासून बघतेय मी. मान मी बरोबर घेऊनच जाणार आहे, ती कोणी मागितलेली नाही. दार विकायचं आहे."

दादाने चष्मा लावला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "कागदपत्रं वर आहेत. या, दाखवतो." जिना चढताना त्याने तिसरी पायरी गाळली. बाईंनी ती गाळली नाही.

धाकटी रडतच होती. ताईने तिला जवळ घेतलं, तिला पुरेसं रडू दिलं, आणि दुसऱ्या हाताने गाळ्याच्या मालकाला फोन लावला.